बोकडमास्तर कोणत्या चौकटीत?

१

अस्वल होतं, त्याच्या पोटावर ढोल होता. माकड होतं, त्याच्या हातात झांजा होत्या. बदकाच्या चोचीतली तुतारीसुद्धा इतका प्रवास करून शाबूत आली होती. नव्हता तो फक्त बोकड.

बोकड म्हणजे बँडमास्तर. लाल पत्र्याचा कोट, सोनेरी बटणं, हातात छडी आणि हनुवटीला सुतळीची दाढी. खेळण्यांच्या या संग्रहालयात बाहुल्या होत्या, गाड्या होत्या, उड्या मारणारे बेडूक होते. पण लोक यायचे ते या बँडसाठी. त्याची गंमत अशी, की किल्ली द्यायची ती एकट्या मास्तराला. त्याची छडी वरखाली झाली की चौथऱ्याखालच्या तारा ओढल्या जायच्या आणि मग अस्वल, माकड, बदक सगळी मंडळी कामाला लागायची. मास्तर नसला की उरलेल्या तिघांत आणि कपाटावरच्या फुलदाणीत फारसा फरक नव्हता.

संग्रहालय जुन्या इमारतीतून नव्यात आलं होतं आणि संध्याकाळी पाचला उद्घाटन होतं. किल्ली द्यायला येणार होते खुद्द पत्रेआजोबा, ज्यांनी तरुणपणी हा बँड पत्रा कापून, ठोकून, रंगवून घडवला होता. ते आता लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते, लांब. फोनवर म्हणाले होते, "एकदा वाजताना ऐकतो आणि मग जातो. तिकडे गेल्यावर कोण मला पुन्हा इकडे आणणार?"

आणि आता मोठ्या दालनाच्या मधोमध, चौथऱ्यावर, बोकडाच्या खुरांच्या जागी दोन रिकामी भोकं होती.

"चोरी," संचालक म्हणाले. त्यांनी हा शब्दसुद्धा इस्त्री केल्यासारखा उच्चारला. "सरळ सरळ चोरी. मी पोलिसांना फोन करतोय."

"थांबा साहेब," मांडणीचं सगळं काम जिच्या अंगावर होतं ती मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आधी मी एक फोन करते."

"कोणाला?"

"माझ्या मावशीला."

२

मावशीचा धंदा सांगायला सोपा आणि समजायला अवघड. ती लोकांना संगणकावर चौकटी आणि बाण काढायला शिकवायची. कोण कुठे, कोणाचं काय, कशानंतर काय, हे सगळं पडद्यावर नकाशासारखं मांडता येतं. चौकट म्हणजे जागा, चौकटीतलं कार्ड म्हणजे वस्तू किंवा माणूस, बाण म्हणजे नातं. कारखान्यांत, शाळांत, दवाखान्यांत ती शिकवून आली होती. आणि शिकवता शिकवता तिला एक वेगळीच विद्या आली होती: माणूस आकृती कशी काढतो त्यावरून माणूस ओळखायचा. एका व्यवस्थापकानं कचेरीचा नकाशा काढला तेव्हा सगळे बाण त्याच्याकडे येत होते, त्याच्याकडून एकही निघत नव्हता. मावशीनं तेव्हाच ताडलं की याच्या हाताखालची माणसं टिकत नसणार. एका गृहस्थानं घरच्यांचा नकाशा काढला आणि मेव्हण्याचं कार्ड पडद्याच्या इतक्या कडेला ठेवलं, की मावशीनं नुसतं विचारलं, "अजून बोलणं बंदच आहे का?"

तिच्या मनात प्रत्येक माणसाचं एक पान असायचं. डावीकडे तो काय बोलतो, उजवीकडे त्याचे हात काय करतात. दोन्ही बाजू जुळल्या की ती पान उलटायची. नाही जुळल्या, तर मात्र ती चहा मागवायची.

नव्या दालनात पाऊल टाकल्याबरोबर तिनं चहा मागवला.

"मावशी, हे बघ," भाचीनं तिला संगणकापुढे बसवलं. "हा आमचा नकाशा. ही मोठ्या दालनाची निळी चौकट. हे अस्वल, हे माकड, हे बदक. आणि हा मधोमध मास्तर. त्याच्यापासून तिघांकडे गेलेले बाण बघ, किल्ली त्याची आणि वाजणार हे, म्हणून. कालपासून मी हजारदा बघितलंय. मास्तर मोठ्या दालनातच आहे!"

"नकाशात आहे," मावशी म्हणाली.

"तेच ना! नकाशात आहे आणि दालनात नाही. म्हणजे मधल्या मध्ये कोणीतरी..." तिनं आवाज खाली आणला. "साहेब म्हणतात, सुतारकाका किंवा मुकादम. दोघंही मला लेकीसारखं वागवतात गं. मी कोणाकडे बोट दाखवू?"

"बोट खाली ठेव. बोटानं फक्त चहाचा कप धर." मावशीनं पडद्यावर नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं. "ही कार्डं तू बसवलीस?"

"सगळी. म्हणजे, मास्तर सोडून. मास्तर डावीकडे की मधोमध यावरून साहेबांचं आणि माझं वाजलं. शेवटी साहेबांनीच बसवला. अगदी मधोमध."

मावशीनं पाहिलं. अस्वल थोडं कलतं होतं, माकड एका बाजूला घसरलेलं, बदक कसंबसं. मास्तर मात्र ओळंब्याला लावून बसवावा तसा, केसभरही इकडे तिकडे नाही.

"आणि ही शेजारची पिवळी चौकट?"

"ती 'उरलेलं'. सुरुवातीला सगळी कार्डं तिच्यातच होती, एकेक उचलून दालनात ठेवलं. जे राहिलं ते असंच, लाकडी ठोकळे, जादाचे भोवरे. ते मी मागेच मार्गी लावलं."

तेवढ्यात मागच्या कार्यशाळेतून संचालकांचा आवाज आला. एरवी जो माणूस हळू बोलायचा तो ओरडत होता.

"सापडलं! दाढी सापडली!"

३

सुतारकाकांनी जुन्या कार्यशाळेतून आणलेल्या भुश्शाच्या ढिगातून संचालकांनी चिमटीत धरून एक सुतळीचा झुबका वर काढला होता. बोकडाची दाढी, यात शंका नव्हती. सुतारकाका रंधा हातात धरून असे उभे होते, जणू त्यांच्यावर कोणी माणूस मारल्याचा आळ घेतला होता.

"बघा मावशी," संचालक म्हणाले. "यांनी गेल्या महिन्यात मास्तर घरी न्यायची परवानगी मागितली होती. मी दिली नव्हती. आता समजलं?"

"काका," मावशी एका खोक्यावर बसली, "ही दाढी कोणाची?"

"बोकडाची. पण जुनी!" काका भडकले. "झडत चालली होती ती. मास्तर आहे की धुळीनं माखलेला झाडू, असं वाटायचं. म्हणून घरी नेतो म्हटलं, निवांत करीन. साहेब नाही म्हणाले, मग जुन्या कार्यशाळेतच बसून नवी लावली. काय दाढी लावलीय ताई, तुम्ही बघाल ना, तुम्हाला वाटेल आता हा बोकड भाषणच ठोकणार!"

"आणि मग?"

"मग खोक्यात घातला. पेंढा भरला, झाकण ठोकलं, वर चिठ्ठी चिकटवली. त्या यंत्रातून चिठ्ठ्या निघतात, प्रत्येक वस्तूची एक. हिच्या त्या नकाशातूनच येतात."

"चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?"

"ते कोण वाचतंय? चष्मा कुठे असतो माझा, मलाच ठाऊक नसतं. मी रंग बघतो." काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "अस्वल निळं, माकड निळं, बदक निळं. मास्तराची पिवळी. म्हटलं बरोबर आहे, मास्तर आहे तो, त्याला चारचौघांत वेगळा मान नको?"

संचालक हसले नाहीत. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या चित्राकडे गेलं होतं, ते किंचित तिरकं होतं. ते बोलता बोलता तिकडे गेले आणि तर्जनीनं चौकटीच्या कोपऱ्याला हलकेच ढकलू लागले. टक. मागे सरून पाहिलं. टक. पुन्हा पाहिलं. टक. चित्र दोन्ही हातांनी धरून सरळ करावं हे त्यांच्या मनात आलंच नाही.

"साहेबांना आम्ही ओळंबासाहेब म्हणतो," सुतारकाका मावशीच्या कानात पुटपुटले. "जेवणाच्या डब्यातली भाजीसुद्धा चमच्यानं रांगेत लावतात."

मावशीनं काकांचं पान उलटलं. तोंड आणि हात, दोन्ही बाजू जुळत होत्या. साहेबांच्या पानावर मात्र तिचं बोट अडलं.

"काकांनी घेतलेला नाही," ती म्हणाली. "जो माणूस चोरणार असतो तो आधी दाढी नवी लावत बसत नाही."

"मग राहिला मुकादम," संचालक म्हणाले. "काल त्यांचा ट्रक उशिरा आला. कुठे होता विचारलं तर डोळे चुकवले. बोलवा त्यांना."

४

हमालांचा मुकादम दारातून आत आला तेव्हा दारच लहान वाटलं. एवढा थोराड माणूस, मिशा अशा की त्यांवर दोन लिंबं राहावीत, आणि उभा राहिला तो वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"काल वाटेत कुठे थांबलात?" मावशीनं विचारलं.

"कुठे नाही. रस्त्यात गर्दी होती."

"दुपारच्या वेळी?"

"गर्दीला काय वेळ असते मावशी? ती येते."

"खोकी कशी उतरवलीत?"

"रंगानं. निळी इथे मोठ्या दालनात, हिरवी वरच्या मजल्यावर, पिवळी जिथे जायची तिथे. एक खोकं इकडचं तिकडे झालं असेल तर ही मिशी उतरवीन."

"खोक्यात काय आहे, ते बघितलंत?"

"आम्ही खोकं बघतो, पोट नाही बघत." मुकादमाचा आवाज दुखावला होता. "मावशी, आजोबांच्या घरून तो बँड पहिल्यांदा संग्रहालयात आला ना, तेव्हा तो उचलणारा माझा बाप होता. मी तो चोरीन? त्यापेक्षा मी ट्रक गिळीन."

"मग उशीर का झाला, ते सांगा ना," भाची कळवळून म्हणाली. "एवढं सांगितलंत की संपलं."

मुकादम लाल झाला. आधी कान, मग गाल. "ते नाही सांगता येणार," तो म्हणाला. "माझी माणसं हसतील."

"ऐकलंत?" संचालकांनी फोन उचलला. "आता माझा नाइलाज आहे."

"लावा फोन," मुकादम म्हणाला आणि तडक वळून निघाला.

आणि तो वळला तेव्हा मावशीला त्याची पाठ दिसली. पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत रंगाचे वाळलेले ठसे होते, लाल, हिरवे, जांभळे. तळव्यांचे ठसे. इतके इवलेसे, की एकेका ठशात मुकादमाचा अंगठासुद्धा मावला नसता.

मावशी हसायला लागली. आधी मनात, मग उघडपणे, मग तिचा चहा कपातून बशीत सांडला.

"मावशी!" भाची घाबरली. "काय झालं?"

"काही नाही गं. साहेब, फोन ठेवा खाली. मुकादम, परत या. मला फक्त सगळ्यांना एक खेळ दाखवायचाय आणि मग..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. पायरीवरून काठीचा आवाज आला आणि पाठोपाठ एक खणखणीत म्हातारा आवाज.

"पाचची वेळ दिलीय ठाऊक आहे मला. पण घरात बसून करायचं काय? सामान बांधून झालंय. कुठे आहे माझा बोकड?"

५

पत्रेआजोबा बारीक, वाळलेल्या शेंगेसारखे, पण डोळे लखलखीत. त्यांनी चौथऱ्याकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "पळाला वाटतं. मी त्याचे गुडघे जरा सैलच ठेवले होते."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी विनोद केला खरा, पण काठीवरची त्यांची बोटं घट्ट आवळली होती, आणि ते मावशीनं त्यांच्या पानाच्या उजवीकडे टिपलं.

"आजोबा, बसा," ती म्हणाली. "तुमचा बोकड कुठे आहे, ते हा पडदाच सांगेल. आमच्या लोकांनी त्याला नीट विचारलंच नाही. साहेब, तुम्ही या इकडे. हा माऊस धरा. मोठ्या दालनाची निळी चौकट उचला आणि बाजूला सरकवा."

"अख्खं दालन?" संचालक दचकले. "सगळं बिघडेल."

"बिघडवाच."

संचालकांनी श्वास रोखून चौकट धरली आणि ओढली. निळी चौकट सरकली. तिच्याबरोबर अस्वल सरकलं, माकड सरकलं, बदक सरकलं, भिंतीवरच्या घड्याळाचं कार्डसुद्धा मुकाट्यानं मागोमाग गेलं.

बोकड सरकला नाही.

तो होता तिथेच राहिला, पांढऱ्या पडद्यावर एकटा, अधांतरी. त्याच्यापासून तिघांकडे गेलेले बाण रबरासारखे ताणले गेले.

"अगं बाई!" भाची म्हणाली.

"आता ती पिवळी चौकट ओढा. 'उरलेलं'."

संचालकांनी पिवळी चौकट ओढली. आतले ठोकळे हलले, भोवरे हलले, आणि त्या चौकटीच्या चांगलाच बाहेर उभा असलेला बोकड टुणकन हलून त्यांच्याबरोबर चालायला लागला.

सुतारकाकांनी तोंडावर हात ठेवला. "दोरी बांधल्यासारखा!"

"बांधलेलाच आहे," मावशी म्हणाली. "शेजारचं पोर दिवसभर तुमच्या अंगणात खेळतं. बघणाऱ्याला वाटतं, तुमचंच. पण रात्री जेवायला ते कोणाच्या घरी जातं? नकाशातही तेच आहे. एखादं कार्ड चौकटीत *दिसतं* म्हणजे ते त्या चौकटीचं *असतं* असं नाही. माऊसनं उचलून नव्या चौकटीत सोडलं, की नकाशा समजतो, याचं घर बदललं. हिनं अस्वल, माकड, बदक अशीच सोडली. वाकडीतिकडी, पण सोडली. साहेब, तुम्ही मास्तर कसा बसवलात?"

संचालकांनी उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती त्यांची नव्हतीच.

"कळांनी," ते हळूच म्हणाले. "कळफलकावरच्या बाणांच्या कळांनी. माऊसनं नेमकं बसत नाही, उडी मारतं. कळ दाबली की केसभर सरकतं."

"टक, टक, टक," मावशी म्हणाली. "पिवळ्या चौकटीतून निळ्या चौकटीत, केसाकेसानं. मघाशी ते चित्र सरळ करत होतात ना, तेव्हाच मला तुमच्या बोटानं सांगितलं. पण कळांनी सरकवलं की नकाशाला वाटतं, कार्ड बसल्या जागी जरा अंग हलवतंय. घर तेच. दिसायला मास्तर दालनात, नात्यानं अजून 'उरलेलं'मध्ये. म्हणून चिठ्ठी निघाली ती पिवळी. काकांना तो मान वाटला."

"म्हणजे," संचालकांनी माऊस सोडून दिला, "चोर मी?"

"अहो, चोर कोणी नाही. तुम्ही अर्धी चूक केलीत. उरलेली अर्धी आमच्या घरात आहे." मावशी भाचीकडे वळली. "'उरलेलं' मार्गी लावलं म्हणालीस. काय केलंस गं?"

"मी... मी काही नाही केलं. एक बाण काढला फक्त. चौकटीपासून..." भाचीचा हात आपोआप कपाळावर गेला. "अरे देवा!"

"चौकटीपासून बाण काढला म्हणजे आतल्या सगळ्यांना तो लागू. आत कोण कोण आहे, ते मोजलंस?"

"डोळ्यांनी बघितलं. ठोकळे आणि भोवरेच दिसत होते."

"झालं तर. साहेबांनी जागा बदलली, पण नातं बदललं नाही. तू चौकटीला बाण जोडलास, पण आत नात्यानं कोण कोण आहे ते तपासलं नाहीस. दोघंही आपापल्या अर्ध्यात बरोबर, आणि दोन बरोबर अर्धे मिळून बोकड पळाला." मावशीनं पिवळ्या चौकटीतून निघालेल्या बाणावर बोट ठेवलं. बाण पडद्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला होता. तिथे भाचीनं एक छोटं घर काढलं होतं. "आता हा बाण कुठे पोचतो, ते मुकादम सांगतील. त्यांच्या पाठीवर लिहिलंय."

मुकादमानं मान वळवून आपली पाठ बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

"बालवाडीत," तो म्हणाला. "पिवळी खोकी तिथे उतरवली. पोरांनी मला घोडा केला. उतरायलाच तयार होईनात. काय करणार? मी चार पायांवर बाग फिरलो. आता हसा."

कोणी हसायच्या आत आजोबा उठून उभे राहिले होते.

"ट्रक कुठाय?" त्यांनी विचारलं.

६

बालवाडीच्या फाटकाशी पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. त्याला संगीत म्हणणं धाडसाचं झालं असतं. ताट, चमचे, डबे, पाण्याची रिकामी बादली आणि त्यावर कोणीतरी मन लावून बेसूर फुंकलेली पिपाणी.

आत चिमुकल्या टेबलावर बोकडमास्तर उभा होता. लाल कोट, नवी झुबकेदार दाढी, आणि हातातली छडी वर, खाली, वर, खाली. त्याच्याभोवती मुलं गोल बसली होती आणि छडी खाली आली रे आली की जे हातात असेल ते बडवत होती. छडी थांबली. सगळे थांबले. एक मुलगी पुढे झाली, जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी किल्ली फिरवली, आणि धावत आपल्या बादलीकडे गेली.

बालवाडीच्या ताई ओशाळून पुढे आल्या. "किती सुंदर पाठवलंत हो! आम्हाला वाटलं, साधे ठोकळेच येतील. हा आला तेव्हा नुसता छडी हलवत होता, वाजत काहीच नव्हतं. मुलांना वाटलं, बिचाऱ्याचा बँड हरवलाय. म्हणून मग हीच त्याचा बँड होऊन बसली."

संचालकांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे ताई, हे थोडं आमच्याकडून..."

"घोडा आला!" कोणीतरी किंचाळलं आणि मुकादमाच्या पायांना चार पोरं लटकली.

"आम्हाला मास्तर परत हवाय," भाचीनं बादलीवाल्या मुलीपुढे उकिडवं बसून सांगितलं. "त्याचं घर आमच्याकडे आहे."

मुलीनं विचार केला. "तुमच्याकडे वाजवायला कोण आहे?"

"अस्वल, माकड आणि बदक."

"तिघंच?" मुलीला त्यांची खरोखरच कीव आली.

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. ते दाराशीच उभे होते. काठी भिंतीला टेकवलेली, दोन्ही हात मोकळे, आणि ते हात छडीबरोबर वर, खाली होत होते. मावशीनं त्यांच्या पानाची उजवी बाजू बघितली आणि डावीकडे काही लिहायची वाट पाहिलीच नाही.

"मी हा केला ना," आजोबा म्हणाले, "तेव्हा माझी लेक एवढीच होती. तिच्यासाठीच केला. ती अशीच ताट बडवायची. मग तो काचेत गेला. लोक यायचे, हात मागे बांधून बघायचे, वा वा म्हणायचे. कोणी बडवलं नाही कधी." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम करड्या आवाजात विचारलं, "उद्घाटन पाचलाच आहे ना? मग ही मंडळी येतायत का, की नुसतं अस्वल ऐकायचं?"

पाचला नाही, पण त्यानंतर लगेच, रस्त्यावरून एक मिरवणूक निघाली. पुढे मुकादम, खांद्यावर बादलीवाली. मागे ताट, डबे, चमचे. मधे सुतारकाका बोकड छातीशी धरून, त्याच्या दाढीला वारा लागू नये म्हणून पदरासारखं उपरणं धरलेलं. ओळंबासाहेब मुलांना रांगेत आणायचा प्रयत्न करत होते. एकाला टक, दुसऱ्याला टक. तिसऱ्यानं उलट त्यांनाच टक केलं आणि हातात झाकण दिलं. साहेबांनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग झाकण वाजवलं.

दालनात आजोबांनी मास्तराला चौथऱ्यावर बसवलं, खुरं भोकांत गेली, आणि किल्ली फिरवली. छडी उठली. अस्वलानं ढोल दिला, माकडानं झांज, बदकानं तुतारी, आणि त्या तिघांच्या मागून बालवाडीनं जे काही दिलं त्यानं खिडकीच्या काचा थरथरल्या. पाहुण्यांपैकी कोणीच हात मागे बांधून उभं राहिलं नाही. आजोबा तर सगळ्यांत मोठ्यानं वाजवत होते, आपली काठी त्या नव्या कोऱ्या लाकडी जमिनीवर आपटत, आणि जमिनीवर ओरखडे उठताना बघूनही संचालकांनी तोंडातून ब्र काढला नाही.

सगळं शांत झाल्यावर भाची संगणकाशी बसली. तिनं मास्तराच्या कार्डापासून बालवाडीच्या घराकडे नवा बाण काढला आणि त्यावर लिहिलं: 'दर आठवड्याला भेटायला जाणार'. मग खुर्ची सोडून म्हणाली, "साहेब, मास्तराला घरात तुम्हीच घ्या."

संचालकांनी माऊस धरला. कार्ड उचललं. निळ्या चौकटीवर नेलं आणि सोडलं. निळी कड क्षणभर उजळली, म्हणजे नकाशानं मास्तराला आपलं मानलं.

पण कार्ड जरा तिरकं बसलं होतं. अगदी केसभर, डावीकडे.

संचालकांची तर्जनी कळफलकाकडे गेली. मावशी चहाचा कप तोंडाशी धरून थांबली. बोट कळेवर आलं, थबकलं, आणि परत खिशात गेलं.

मावशीनं चहा संपवला आणि पान उलटलं.